जपानी पात्यांच्या खोक्यातलं शिवणयंत्र

तार माझ्याच हातात पडली. मुंबईच्या आमच्या क्लिअरिंग एजंटची. मजकूर असा : ‘खोके नंबर तीनमध्ये शिवणयंत्र सापडले. कस्टमने तिन्ही खोकी अडवली. खुलासा ताबडतोब.’

मी तार उलटी करून बघितली. मागे कोरी. पुन्हा सुलटी केली. शिवणयंत्र तिथेच होतं.

आम्ही जिनिंगवाले. शेतकऱ्याच्या कापसातली सरकी काढायची, रुई वेगळी करायची, गाठी बांधून धाडायच्या. त्या रुईचं सूत, सुताचं कापड, आणि कापडाला सुई लागणार कुठे तरी अहमदाबादेच्या पुढे. शिवणयंत्राचा आणि आमचा संबंध म्हणजे शेणाचा आणि पेढ्याचा. दोन्ही गाईकडूनच येतात, पण एका खोक्यात येत नाहीत.

मोतीलालशेठ गादीवर बसून सुपारी कातरत होते. मी तार वाचून दाखवली.

शेठ म्हणाले, “चांगलं आहे की.”

“काय चांगलं आहे?”

“मशीन. घरात कामाला येईल.”

“शेठजी, कस्टमने माल अडवलाय. पात्यांसकट.”

अडकित्ता थांबला.

आता आधी ही मंडळी कोण ते सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल हा भंगाळे मधूनच सुरू झाला. मी असोद्याचा. घरी केळी. मॅट्रिकला इंग्रजीत बरे मार्क पडले आणि केळीच्या बागेतून सुटलो, तो जळगावात मोतीलालशेठच्या पेढीवर करस्पॉन्डन्स क्लार्क होऊन बसलो. शेठचं घराणं तीन पिढ्यांमागे मारवाडातून आलेलं. पेढी जळगावात, जिनिंग फॅक्टरी पारोळ्याला. शेठ मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचो. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी तिशीच्या आतला होतो आणि मला वाटायचं की मला सगळं कळतं.

जिनच्या यंत्रात एक चामडी रोलर असतो. त्याला घासून पोलादी पाती बसवलेली असतात. रोलर कापूस ओढतो, पातं सरकीला अडवतं. पातं बोथट झालं की सरकी फुटते, रुईत कचरा येतो आणि व्यापारी भाव पाडतो. लढाईच्या काळात विलायती पाती येईनात म्हणून आम्ही होती तीच घासून घासून वापरली होती. शेवटी ओसाकाची एक कंपनी सापडली. विलायतेपेक्षा रुपयामागे तीन आणे कमी भाव.

जपान तेव्हा लढाईतून नुकता उठत होता. कारखाने राखेतून उभे राहत होते. माल विकून परकी चलन मिळवायचं आणि त्यातून भात-कोळसा आणायचा, असा त्यांचा प्रपंच. त्यामुळे त्यांची पत्रं इतकी नम्र असायची की वाचताना आपणच उठून उभं राहावं. कागद मात्र असा पातळ की या बाजूचं पत्र त्या बाजूने उलटं वाचता यावं.

आणि आपली अवस्था काय होती? आपल्याकडेही परकी चलन म्हणजे रेशनची साखर. बाहेरून काही आणायचं तर पौंड लागायचे, आणि पौंड सरकारच्या डब्यात मोजके. म्हणून इम्पोर्ट लायसन्स. लायसन्स म्हणजे चलनाचं रेशनकार्ड समजा. त्यावर लिहिलेलं असायचं : कोणती वस्तू, कोणत्या देशातून, किती रुपयांपर्यंत. साखरेच्या कार्डावर रॉकेल मिळत नाही, तसं पात्यांच्या लायसन्सवर दुसरं काही येत नाही. आमचं लायसन्स होतं पंधरा हजारांचं, ‘जिनिंग यंत्राचे सुटे भाग’ एवढ्याच मालाचं. शेठनी ऑर्डर दिली चौदा हजार नऊशे ऐंशीची. लायसन्सात वीस रुपयांची जागा उरली, तरी ते आठवडाभर हळहळत होते.

तर अशा भरगच्च लायसन्सात हे शिवणयंत्र घुसलं कुठून?

मी फाईल काढली. इन्व्हॉइस बघितलं, म्हणजे मालाचं बिल. त्यात पाती, फक्त पाती. मग त्याला टाचलेली पॅकिंग लिस्ट बघितली. पॅकिंग लिस्ट म्हणजे कोणत्या खोक्यात काय आणि वजन किती याची यादी. ती मी एजंटला पाठवलीच नव्हती. वजनं आणि खोक्यांची मापं कोण वाचतं? शेवटच्या ओळीत, सगळ्यांत बारीक अक्षरांत, टाइप केलेलं होतं : ‘शिवणयंत्र, नग एक. आपल्या आदरणीय इच्छेनुसार सप्रेम. किंमत शून्य.’

आपल्या आदरणीय इच्छेनुसार!

ती आदरणीय इच्छा मला आठवली. मीच लिहिली होती.

शेठना एक सवय होती. कोणताही सौदा ठरला, भाव तुटला, हातावर हात पडला, की ते विचारायचे, “आणि वर काय?” सुई घेतली तर वर दोरा. वांगी घेतली तर वर कोथिंबीर. ही सवय खानदेशात कुणाला नाही? आमच्या असोद्याच्या बाजारात वर मूठभर न घेता उठलेल्या बाईला घरी सासू विचारते, भांडून आलीस का म्हणून. फरक एवढाच की शेठ ओसाकालाही तेच विचारत होते. ‘भाव मान्य. वर काय देणार ते कळवावे.’ आणि मी पठ्ठ्या! ते वाक्य गाळायचं, तर मी त्याला इंग्रजीचा जरीकाठी फेटा बांधला. ठरल्या किमतीव्यतिरिक्त आपण आम्हांस अधिक काय देऊ इच्छिता हे जाणून घेण्यास आम्ही उत्सुक आहोत, असं. शिवाय खाली शाईची भरदार सही, ‘मालकांकरिता’.

जपानी माणसाने ते वाचलं. त्याला आमचा बाजार काय ठाऊक? नवं गिऱ्हाईक, रीतसर विचारतंय, तर द्यायला हवं. त्याने दिलं.

मी शेठना पॅकिंग लिस्ट वाचून दाखवली. ते म्हणाले, “बघ! विचारल्याशिवाय मिळत नाही.”

“शेठजी, आपल्याला तुरुंग मिळेल.”

“फुकट दिलेल्या वस्तूला कसला तुरुंग? किंमत शून्य लिहिलीय ना त्याने?”

तेवढ्यात आतल्या दारातून शेठाणींनी विचारलं, “भंगाळे, ते पायाचं आहे का हाताचं?” बातमी घरात पोचली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघीजणी खण घेऊन ओटीवर येऊन बसल्या.

शेठ शेवटी गंभीर झाले ते दिवाळीचे दिवस मोजल्यावर. दिवाळी उलटली की पारोळ्याच्या फॅक्टरीत कापसाच्या गाड्या लागणार. ते म्हणाले, “भंगाळे, पत्र तू लिहिलंस. पाती तू आण. दिवाळीआधी पाती आली नाहीत तर असोद्याला जा आणि केळीला पाणी दे.”

पत्र कुणी सांगितलं होतं, हे मी बोललो नाही. पगार त्यांच्याकडे होता.

आधी मी पारोळ्याला गेलो. जुन्या पात्यांवर किती दिवस निघतील ते बघायला. फॅक्टरीचा फिटर सुकलालमिस्त्री. त्याला सगळे नाना म्हणायचे. सगळी यंत्रं त्याने उघडून ठेवली होती. मी विचारलं, “नाना, जुन्यावर महिना काढता येईल?”

नानाने एक पातं माझ्या तळहातावर ठेवलं. “भाऊ, हाई पातं आते पातं नही ऱ्हायनं, पत्रा व्हई गयं.”

“पुन्हा घासून?”

“घासाले काही उरेल शे का? आठ दिन चालतीन. नवव्या रोजले बठ्ठं बंद. मंग मी काय दातखाल धरीसन सरकी काढू का?”

मागे शेडमध्ये बायका झाडलोट करत होत्या. हंगामात साठजणी कामाला असायच्या. त्यांतली एक पदर खोचत म्हणाली, “भाऊ, औंदा जिन कव्हय सुरू व्हई?” मी म्हटलं, “दिवाळीनंतर, दरवर्षीसारखी.” बोलून गेलो. मग मोटारीत बसल्यावर मला त्या बोलण्याचं वजन कळलं. जिन नवव्या दिवशी बंद पडली की गाड्या अमळनेरला, धुळ्याला वळणार. वळलेली गाडी त्या हंगामात परत येत नाही. मग साठजणींची मजुरी गेली, फॅक्टरीचं वर्ष गेलं.

परतताना वाट वाकडी करून धुळ्याला उतरलो. शेठनीच सांगितलं होतं. तिथे त्यांचे एक स्नेही यंत्रसामानाचे व्यापारी होते, हिराचंदशेठ. त्यांच्याजवळ शिवणयंत्रांचं लायसन्स होतं. गोड माणूस. चहात इतकी साखर की रेशनची शंका यावी.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “ते एक मशीन माझ्या लायसन्सवर दाखवू. म्हणू, जपान्याने चुकून तुमच्या खोक्यात टाकलं.”

“पण तुम्ही त्या कंपनीला ऑर्डर दिलीच नाही.”

“देऊ की. आज लिहू, तारीख तीन महिन्यांपूर्वीची घालू. मशीन मला राहू द्या, झालं.”

“म्हणजे लायसन्स तुमचं, खोकं आमचं. आणि खोटं कुणाचं?”

हिराचंदशेठ हसले. “खोटं जपान्याचं. तो कुठे येतोय साक्षीला?”

खरं सांगतो, माझं मन दोन मिनिटं डगमगलं. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. पण ओसाकाच्या त्या माणसाने पॅकिंग लिस्टवर यंत्र स्वच्छ लिहून दिलं होतं. लपवायचं असतं तर लिहिलं कशाला असतं? सबंध प्रकरणात एकच माणूस सरळ वागला होता, आणि आम्ही त्याच्याच अंगावर खोटं टाकणार. मी चहा संपवला. एवढी साखर टाकवेना. आणि उठलो.

जळगावला आलो तर कस्टमची नोटीस. ‘कारणे दाखवा.’ आरोप तीन. एक, लायसन्स नसलेली वस्तू आणली. दोन, यंत्राची बाजारभावाने किंमत धरली तर लायसन्सची मर्यादा ओलांडली. वीस रुपयांच्या जागेत पावणेदोनशेचं यंत्र बसवलं. इथवर ठीक. तिसरा आरोप मात्र मी दोनदा वाचला. परदेशी व्यापाऱ्याने फुकट माल का दिला? त्याच्याशी तुमचा आणखी काही छुपा व्यवहार आहे काय? त्याच्याशी झालेला सर्व पत्रव्यवहार हजर करावा.

हा तिसरा आरोप चलनाचा. त्या काळी काही हुशार मंडळी अशी युक्ती करत : दहा हजारांचा माल, बिल करायचं बारा हजारांचं. सरकारच्या डब्यातून बारा हजारांचे पौंड न्यायचे आणि वरचे दोन हजार त्या देशातल्या व्यापाऱ्याकडे आपल्या नावाने ठेवायचे. देशाला चुना, आपल्याला परदेशात पौंड. त्या चोरीला पत्रांतून काय म्हणत असतील? ठरल्या किमतीव्यतिरिक्त आपण आम्हांस अधिक काय देऊ इच्छिता!

माझं जरीकाठी वाक्य. फेट्यासकट.

शेठनी नोटीस ऐकली. सुपारी खाली ठेवली. हळूच म्हणाले, “भंगाळे, ते एक पत्र फाईलमधून काढून टाक.”

“काढता येत नाही.”

“का? तुझ्याच हाताने लावलंस ना?”

“ओसाकाच्या उत्तरात त्या पत्राचा नंबर आहे. पत्र नाही दिलं तर साहेब विचारतील कुठे गेलं. शिवाय त्याची कॉपी बुकात आहे, पान दोनशे बारा.”

“पान फाड.”

“पानांना छापील नंबर आहेत, शेठजी. दोनशे अकरा, मग दोनशे तेरा. साहेबांना मोजता येत असेल.”

आमच्या पेढीवर टाइपरायटर आला होता, पण शेठ जुनी पद्धत सोडायला तयार नव्हते. प्रत्येक पत्र कॉपी-प्रेसमध्ये घालायचं. म्हणजे असं : जाडजूड बांधलेलं बुक, आत फुलपाखराच्या पंखासारखे पातळ कागद. कागद ओलसर करायचा, खास शाईने लिहिलेलं पत्र त्याला लावायचं आणि लोखंडी चाकाने दाबायचं. अक्षर जसंच्या तसं बुकात उतरतं. आणि शेठची आणखी एक खोड. जे काही ‘वर’ मिळालं, त्याची नोंद ते त्याच पानाच्या कडेला लाल शाईने स्वतःच्या हाताने करत. मिळालं ते विसरलं जाऊ नये म्हणून.

पान फाडायला म्हणून शेठनी बुक उघडलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. दोनशे बारावर ओसाका. त्याच्या आधीच्या पानावर धुळ्याच्या बँडवाल्याला पत्र. त्याच्या शेवटी तेच. त्याच्या आधी सुतळीवाल्याला. शेवटी तेच.

मी म्हणालो, “शेठजी, थांबा. फाडू नका. हे सगळंच घेऊन जातो.”

“सगळं म्हणजे?”

“दहा वर्षांची बुकं. चारही.”

“वेडा झालास? एका मशीनवरून त्यांनी चोर ठरवलं, तू त्यांना हजार पत्रं दाखवणार?”

“एक असेल तर चोरी. हजार असतील तर स्वभाव.”

शेठनी बुक मिटलं. नोकराने आपल्या स्वभावाचा पुरावा चार खंडांत मुंबईला नेणं कुठल्या मालकाला आवडेल? पण त्यांना दुसरा रस्ता दिसत नव्हता. ते म्हणाले, “ने. पण तिसऱ्या बुकात व्याह्यांना लिहिलेली पत्रं आहेत, ती साहेबाला दाखवू नकोस.”

एकेक बुक पाच-सहा शेर वजनाचं. ती गोणपाटात बांधून मी मुंबईची गाडी धरली.

बंदरावर आमचे क्लिअरिंग एजंट सामंत भेटले. क्लिअरिंग एजंट म्हणजे बंदरातून माल सोडवणारा माणूस. व्यापारी आणि कस्टम यांच्यामधला भटजी म्हणा. त्यांनी हमालाच्या डोक्यावरची गोणी बघितली.

“हे काय आणलंत? बटाटे?”

“पुरावा.”

“भंगाळे, इथे लोक पुरावा खिशातून आणतात.”

“आमचा खिशात मावला नाही.”

अप्रेझरसाहेबांपुढे सुनावणी. अप्रेझर म्हणजे मालाची किंमत आणि जात ठरवणारा अधिकारी. साहेब पन्नाशीचे, बारीक चष्मा, आवाज शांत. शांत आवाजाचा अधिकारी भेटला की मला अजूनही घाम फुटतो.

मी दिलेल्या फाईलमधून त्यांनी माझं पत्र वर काढलं. “ही सही तुमची?”

“माझीच.”

“‘अधिक काय देऊ इच्छिता.’ हे कमिशन मागितलंत ना?”

“नाही साहेब. आमच्याकडे भाव ठरल्यावर विचारतात. वर काय, म्हणून.”

“कोण विचारतं?”

“सगळेच. शेठ जरा जास्त.”

“फुकटची वस्तू मागताना लायसन्सची आठवण झाली नाही?”

“आम्हाला वाटलं, फुकट म्हणजे किंमत शून्य.”

“फुकट तुम्हाला असेल. कस्टममध्ये फुकट नावाची वस्तू नाही. बोटीतून उतरली म्हणजे तिला किंमत आली.” त्यांनी टाक उचलला. “खुलासा समाधानकारक नाही, असं लिहावं लागेल.”

“साहेब, लिहिण्याआधी एक विनंती. ही बुकं बघा.”

“काय आहे त्यांत?”

“दहा वर्षांत आमच्या शेठनी कुणाकुणाला वर काय मागितलं ते. लाल शाईत, काय मिळालं ते.”

सामंतांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पहिलं बुक पुढे ओढलं. आधी त्यांनी पानांचे नंबर तपासले, सलग आहेत का. बांधणी तपासली. मग वाचायला लागले.

सागाच्या फळ्या, धुळ्याची वखार. वर काय? लाल शाईत : ‘पोळपाट एक.’

सुतळी, बोदवड. वर काय? ‘पायपुसणे दोन.’

आगीचा विमा. हप्ता मान्य, वर काय? ‘लाल बादल्या दोन. एक गळकी.’

साहेबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी पान उलटलं. मुलाच्या लग्नाचा बँड. वर काय? ‘पिपाणीवाला एक, जेवणासह आपल्याकडे.’

एका शाळेला देणगी दिली होती. तिलाही विचारलं होतं, वर काय? मुख्याध्यापकांनी कळवलं होतं, विद्यार्थ्यांचे आशीर्वाद. कडेला लाल शाईत : ‘मिळाले.’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. मी गोणपाटाची घडी घालत राहिलो. अशा वेळी बोलणारा माणूस बुडतो. त्यांनी दुसरं बुक घेतलं, मधेच उघडलं आणि एका पानावर थांबले. विक्रीकर भरल्याचं पत्र होतं. सोबत कराची रक्कम पाठवली आहे, वर काय ते कळवावे. लाल शाईत : ‘पावती.’

साहेब हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्यांनी खुर्ची मागे सारून दाराकडे बघितलं, कुणी बघत नाही ना म्हणून. बाहेरचा शिपाई आत डोकावला. तो साहेबांना हसताना पहिल्यांदाच बघत असावा, तसाच परत गेला.

“करखात्याला सुद्धा?” साहेब म्हणाले.

“होय साहेब. पण त्यांच्याशी आमचा छुपा व्यवहार नाही.”

ते एकदम गंभीर झाले. मला वाटलं, शेवटचं वाक्य जास्त झालं. त्यांनी पात्यांचं बिल घेतलं, विलायती पात्यांच्या भावाचा तक्ता काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ आकडे लावत बसले. बिल फुगवलेलं असतं तर भाव जास्त दिसला असता. आमचा भाव तीन आण्यांनी कमीच होता. शेठनी घासाघीस करून पाडलेले ते तीन आणे त्या दिवशी आमच्या बाजूने साक्षीला उभे राहिले.

“ऐका,” साहेब म्हणाले. “चलनाचा आरोप मी सोडतो. हा माणूस परदेशात पौंड ठेवणाऱ्यांतला नाही. तो पोळपाट ठेवणाऱ्यांतला आहे. पण यंत्र बेकायदा आलंय, त्यात फरक पडत नाही. पॅकिंग लिस्ट तुम्ही दिली नाहीत, त्याचा दंड भरा. पाती ड्यूटी भरून सोडवा. यंत्र एक तर सरकारजमा होईल, नाही तर स्वतःच्या खर्चाने महिन्याच्या आत परत पाठवा. काय ते उद्या सांगा.”

सामंतांनी मला बाहेर ओढलं. “सरकारजमा करा आणि मोकळे व्हा. परत पाठवायचं भाडं यंत्राच्या किमतीएवढं होईल. शेठ काय म्हणतील ते मी आत्ताच सांगतो.”

मलाही वाटत होतं, मी शेठचं उत्तर ओळखतो. मी ट्रंककॉल लावला. दोन तासांनी लागला. सगळं ओरडून सांगितलं.

मग शेठ म्हणाले, “त्याने आपल्याला दिलं. सरकारला नाही दिलं. परत पाठव.”

“भाडं फार पडेल, शेठजी.”

“ऐकलं मी. पाठव.” आणि फोन ठेवला. सोळा वर्षांच्या नोकरीत भाव न विचारता त्यांनी केलेला तो एकच सौदा मी पाहिला.

पाती रेल्वेने जळगावला आली, तिथून ट्रकने पारोळ्याला. वसुबारसेच्या दिवशी नानाने पहिलं खोकं उघडलं. घाई होती, पण तो पहारीने फळी उचकटेना. एकेक खिळा पकडीने अलगद काढत होता.

“नाना, फोडा की! कशाला जपताय?”

नानाने एक खिळा माझ्यापुढे धरला. “भाऊ, हाऊ खिया देख. एकदाव ठोकेल शे, काढेल शे, सरळ करेल शे, मंग आखो ठोकेल शे.”

मी बघितला. खरंच होतं. सगळेच खिळे तसे. जुने, वाकलेले, हातोडीने सरळ केलेले. फळ्याही दुसऱ्या कुठल्या तरी खोक्याच्या, पुसट अक्षरं असलेल्या. आतली पाती मात्र अशी की नानाने नखावर धार बघितली आणि तोंडातला विडा थुंकून आला. “आपलासारखाज लोके शेतस ते,” तो म्हणाला, आणि खिळे डब्यात टाकले.

मला तेव्हा लाज वाटली. ज्या माणसाला नवा खिळा परवडत नव्हता, त्याला मी इंग्रजीत वर काय विचारलं होतं, आणि त्याने शिवणयंत्र दिलं होतं. शेठाणींच्या ओटीवरचे खण परत गेले होते. मी ओसाकाला पत्र लिहिलं. यंत्र का परत येतंय, ते साध्या वाक्यांत. फेटा न बांधता. शेठनी ते वाचून घेतलं, शेवटी ‘वर काय’ घालायला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

लक्ष्मीपूजनाला यंत्रं पुसून तयार होती. पाडव्यानंतर गाड्या लागल्या आणि नवव्या दिवशीही जिन चालू होती. मी मुद्दाम मोजलं. साठजणींचा गलका आणि यंत्रांचा घरघराट यांत मला नानाचा आवाज ऐकू येत नव्हता, पण तो हाताने खूण करत होता की बाजूला हो, पांढरा शर्ट रुईने भरेल. मी असोद्याला केळीला पाणी द्यायला गेलो नाही. पुढच्या वर्षी इम्पोर्टचं सगळं काम माझ्याकडे आलं. पगार तेवढाच राहिला.

या धंद्यात मी पुढे बरीच वर्षं काढली. लायसन्सं बदलली, मर्यादा बदलल्या, ओसाकाची पत्रं जाड कागदावर यायला लागली. नवे क्लार्क मला विचारतात, सरकारी अधिकाऱ्यापुढे खरं बोलायला धीर कुठून आणायचा. धीराचं मला ठाऊक नाही. मला ती चार बुकं उचलायला हमाल लागला होता, आणि त्याने बंदराच्या फाटकापासून साहेबांच्या टेबलापर्यंत आठ आणे घेतले.